बूटमास्तराची राहिलेली साक्ष

मी, शेवटी सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, फुटबॉल क्लबच्या बूटघरात एक्केचाळीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला आणि सध्या कमरेच्या हाडामुळे खाटेला खिळलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी काल तपासून तसा दाखला दिला. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोचलो, मध्ये एकदा त्याच चुकल्या. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. असती तर बरे झाले असते, निदान कोणाकडे तरी बोट दाखवता आले असते.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. जबाब मात्र एकदा दिला आहे, आणि तो खोटा होता. त्याचे कलम पुढे येईल.

कलम १. गोदामामागच्या गल्लीतल्या माझ्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या नातीला द्याव्यात. ती पंधरा वर्षांची आहे; सज्ञान होईपर्यंत किल्ली तिच्या आईने, म्हणजे माझ्या मुलीने, सांभाळावी. पुढच्या खोलीची खिडकी पावसात फुगते. खालच्या कोपऱ्यावर लाथ घातली की उघडते. सुताराला बोलावू नये. तो रंधा मारील आणि मग ती उन्हाळ्यात खडखडत बसेल. भिंतीतल्या खुंट्या माझ्या बायकोने ठोकल्या आहेत, सगळ्या वाकड्या. त्या तशाच राहू द्याव्यात.

कलम २. बँकेत जे काही असेल ते नातीच्या शिक्षणाला. ती जे शिकेल ते. यावर तिच्या बापाने आणि आईने वाद घालू नये.

कलम ३. माझी हत्यारपेटी, म्हणजे आरी, दाभण, मेणदोरा, बूट चढवायचा लोखंडी पाय आणि स्टड फिरवायच्या तिन्ही किल्ल्या, बूटघरात आता जी बाई काम करते तिला द्यावी. तिचा हात चांगला आहे. फक्त तिला सांगावे की ओले बूट हीटरजवळ ठेवायचे नसतात, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवायचे असतात. चामडे एकदा तडकले की कोणाच्या बापाला सांधता येत नाही. पेटीच्या तळाला औषधाची एक तपकिरी बाटली आहे. ती मात्र तिला द्यायची नाही. तिचे काय करायचे ते कलम ८ मध्ये लिहिले आहे.

कलम ४. क्लबच्या माजी सेक्रेटरींना मी संघाचे एक्केचाळीस वार्षिक फोटो ठेवत आहे. दर वर्षी मी रांगेत उभा राहायला गेलो की ते म्हणायचे, "अहो मास्तर, तुम्ही रांगेत आलात तर फोटो कोण काढणार?" त्यामुळे एकाही फोटोत मी नाही. ज्या ज्या फोटोत सेक्रेटरींचे डोके कपाळापासून कापले गेले आहे, ते कॅमेऱ्याच्या दोषामुळे गेलेले नाही, हे त्यांना आता कळवावे.

कलम ५. माझ्या जावयाला मी काही ठेवत नाही. मुलीलाही नाही, तिच्या आईचे जे होते ते मी तिला हयातीतच दिले आहे. यात राग नाही. वकिलांनी फोनवर सांगितले की ज्याला किंवा ज्याच्या बायकोला मृत्युपत्राने काही मिळते, त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. मला जावयाची सही हवी आहे.

हा माणूस कसा आहे ते लिहिणे भाग आहे. सतराव्या वर्षी तो क्लबमध्ये आला तेव्हापासून मी त्याला ओळखतो. पुढे तो संघाचा कर्णधार झाला, मग माझा जावई आणि आता संघाचा मुख्य प्रशिक्षक. लग्नानंतर मी त्याला अहो-जाहो करून पाहिले, पण ते तोंडात बसेना. दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात पडलो, तेव्हा त्यानेच मला उचलून आपल्या घरी आणले. तेव्हापासून मी या मागच्या खोलीत आहे. खोली दहा पावलांची आहे, वॉकर घेतला तर बावीस. खिडकीतून शेजारच्या इमारतीचा पाण्याचा पाइप दिसतो. येणारा-जाणारा पुढच्या खोलीतून, म्हणजे त्याच्या परवानगीने, माझ्यापर्यंत येतो.

रोज सरावाला जाण्याआधी तो मला आंघोळ घालतो. रविवारी माझी नखे कापतो. पायाची नखे कापताना तो मान खाली घालून बसतो आणि त्याच्या टाळूवरचे विरळ झालेले केस मला दिसतात.

"बाबा, दुखलं का?"

"नाही रे."

तेवढेच बोलणे. तो वाईट वागला असता तर मी केव्हाच तोंड उघडले असते. ज्याच्या हातचे खातो त्याच्याविरुद्ध बोलायचे कसे, आणि न बोलता घास उतरायचा कसा, यातच माझी दोन वर्षे गेली.

कलम ६. आता तो सामना. याला सतरा वर्षे झाली.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. ओल्या मैदानावर बुटांच्या तळाला उंच स्टड, म्हणजे खुंटे, लावतात, नाहीतर पाय धरत नाही. मी सगळ्यांचे लावून ठेवले होते. सामन्याच्या तासभर आधी कर्णधार, म्हणजे आजचा जावई, आपले बूट घेऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, टाच दुखतेय. उंच टोचतात. जुने झिजलेले लावा." मी म्हटले, "अरे, घसरशील." तो म्हणाला, "माझं मी बघतो." खेळाडूच्या पायाचे खेळाडूला कळते, हा बूटघराचा नियम. मी माझ्या हाताने बारा झिजलेले स्टड बसवले.

शेवटची वीस मिनिटे राहिली असताना तो मोकळ्या जागेत घसरला. जवळपास कोणी नव्हते. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन पुढे गेला आणि आमच्या गोलरक्षकाने भलत्याच बाजूला उडी मारली. हाताला चेंडू चिकटतो म्हणून आम्ही या गोलरक्षकाला गोंद म्हणायचो. सगळ्या जगाने गोंदाची उडी पाहिली. ओल्या मैदानावर कोण घसरले हे कोणी पाहिले नाही. मी पाहिले, कारण तळवे पाहणे हेच माझे काम.

संध्याकाळी कर्णधार बूटघरात आला. "मास्तर, ते जुने स्टड कुठेत?" मी म्हणालो, "फेकले." ते तपकिरी बाटलीत होते.

दोन दिवसांनी गोंद स्वतःहून क्लबच्या कार्यालयात गेला आणि आपण सामना हरण्यासाठी पैसे घेतले असे सांगितले. कोणी पकडले नव्हते त्याला. चौकशीत विचारले, "बरोबर कोण होते?" तो म्हणाला, "मी एकटा." मग मला बोलावले. "त्या दिवशी कोणी बुटांत किंवा सामानात काही बदल करायला सांगितला होता का?" मी म्हणालो, "नाही." तो एक शब्द लिहून घेतला आणि खाली माझी सही घेतली. गोंदावर आजन्म बंदी आली. तीन आठवड्यांनी माझ्या मुलीचे लग्न होते आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या.

मुली, तुझा संसार मोडू नये म्हणून मी गप्प बसलो, असे मी स्वतःला सांगत आलो. खरे म्हणजे मी घाबरलो. मग घाबरण्याची सवय झाली. तू मला माफ करावेस असे मला फार वाटते, पण तसे कलम घालता येत नाही.

कलम ७. गोंद आता एक्केचाळीस वर्षांचा आहे. शीतगृहात खोकी हलवतो. त्याने क्लबकडे अर्ज केला आहे की बंदी उठवून आपल्याला गोलरक्षकांना शिकवायला घ्यावे. येत्या सोमवारी, पंधरा तारखेला, शिस्त समितीची सुनावणी आहे. समितीत पाच जण आहेत आणि त्यातला एक माझा जावई. डाग लागलेल्या माणसाला मैदानाचे दार पुन्हा उघडू नये, असे त्याने वर्तमानपत्राला सांगितले. मुलीने ते मला मोठ्याने वाचून दाखवले, कौतुकाने.

नात तिथेच होती. म्हणाली, "बरोबरच आहे ना, आजोबा? चोराला पुन्हा गल्ल्यावर बसवतात का कोणी?"

तिचा बाप माझ्या उशीचा अभ्रा बदलत होता. मी म्हणालो, "जो स्वतः येऊन सांगतो, त्याला बसवावं. न सांगता गल्ल्यावर बसलेल्याला ओळखायचं कसं?"

अभ्रा बदलणारे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"म्हणजे तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?" नात म्हणाली. मी पाणी मागितले.

समितीने मलाही पत्र पाठवले आहे. तेव्हाच्या जबाबात काही भर घालायची आहे का, असे विचारले आहे, खाली 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन. जावयाने ते आणून दिले. "बाबा, 'नाही'वर खूण करा, मी जाताना घेऊन जातो." मी म्हणालो, "चष्मा सापडत नाही." त्याने तो माझ्या उशीखालून काढला, आपल्या शर्टाला पुसला, माझ्या हातात दिला आणि निघून गेला. पत्र अजून कोरे आहे.

परवा गोंदाचा फोन आला. सतरा वर्षांनी.

"मास्तर, समिती तुम्हाला विचारेल. माझ्याबद्दल जे खरं ते सांगा. त्याचं नाव घेऊ नका."

"का रे? एवढी वर्षं तू एकट्यानं काढलीस."

"तुमची नात केवढी आता?"

"पंधरा."

"मग? तिला कळून कोणाचं भलं होणार? मला कोणाला पाडायचं नाहीये, मास्तर. मला पोरांना उडी शिकवायचीय, बस."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडलो. ज्याने मला सोडवावे, त्यानेच दार बाहेरून लावून घेतले.

गोंद निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. त्याने पैसे घेतले. चार हजार माणसे पावसात ओल्या बाकांवर बसून ओरडत होती आणि त्यांना फसवले गेले, त्यात तो होता. सरसकट सगळ्यांना परत घ्यावे असेही माझे मत नाही. काही जणांना मी स्वतः फाटकातून हाकलीन. पण ज्याने न पकडता कबूल केले, शिक्षा भोगली आणि दुसऱ्याचे नाव ओठांवर येऊ दिले नाही, त्याला परत घ्यावे. निदान त्याचा निकाल झिजलेल्या स्टडवाल्याने लावू नये.

कलम ८. मी स्वतः समितीला फोन करायला हवा हे मला कळते. फोन उशाशी आहे, नंबर पत्रावर छापलेला आहे. बोट उचलत नाही. मी भित्रा माणूस आहे, म्हणून हा आडवळणाचा रस्ता काढला आहे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक डॉक्टरीणबाई. दुसरा जावईच, आणि त्याने सबंध पत्र वाचून सही करावी. आज मी हे त्याच्या हातात देणार आहे. त्याने सही केली, तर त्याच दिवशी याची नक्कल आणि ती तपकिरी बाटली समितीकडे पोचवावी. सही केली नाही, तर हा कागद रद्दी आहे. फाडून टाकावा. खोल्या कायद्याने मुलीला जातील, नातीला पुढे मिळतीलच, आणि या घरात कोणाचे काही बिघडणार नाही. बिघडेल ते फक्त शीतगृहातल्या एका माणसाचे.

जावईबापू, तू सही केली नाहीस तरी मी तुझ्याबद्दल कोणाकडे बोलणार नाही. रविवारी नखे कापायला ये. मला तुझा राग येत नाही, हीच माझी अडचण आहे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि खाली सही करत आहे.

ठिकाण: जावयाच्या घरातली मागची खोली
तारीख: नऊ, मंगळवार
सही: बूटमास्तर

साक्षीदार पहिला: लिहून देणार यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. वजाबाकीत मी चुकले होते हे मान्य आहे.
सही: डॉक्टरीणबाई, तारीख नऊ

साक्षीदार दुसरा: ही सही आपलीच असल्याचे बाबांनी मला सांगितले. पत्र नऊ तारखेलाच मिळाले आणि त्याच दिवशी वाचले. कलम सहा खरे आहे. टाच दुखत नव्हती. काल सुनावणी झाली. अर्ज तीन विरुद्ध दोन मतांनी नामंजूर झाला. विरोधातले तिसरे मत माझे होते. आज सकाळी हिला सगळे सांगितले. नक्कल आणि बाटली मी स्वतः समितीच्या कार्यालयात देऊन आलो. पोच सोबत जोडली आहे.
सही: जावई, तारीख सोळा