अस्वल उजवीकडं पळतं

२२ सप्टें., सोम. पहिली माळ.
घट बसवला. नातीनं, प्राचीनं, माळ्यावरून बापाचा जुना, हातात धरून खेळायचा गेम काढला. माझा दिनेश शाळेत होता तेव्हा टीव्हीवर अस्वलाचं कार्टून लागलं की ताटावरून उठायचा. त्याचाच गेम. अस्वल तलवार घेऊन उजवीकडं पळतं, आडवा येईल त्याला कापतं. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, डाव्या अंगठ्याला हेच काम द्या. दिनेशला अर्धांग होऊन पाच महिने झाले. अंगठा मेल्यासारखा.

२४, बुध.
पळायचं बटण डाव्या हाताला, उडीचं उजव्या. अस्वल जागच्या जागी उड्या मारतंय.
सून म्हणाली, "निदान उडतंय तरी."
म्हटलं, "सर्कशीत घाल मग."
दिनेश हसला नाही. "दसऱ्यापर्यंत बघतो. मग मला व्यायामाला कुणी उठवायचं नाही."

२८, रवि.
हलला अंगठा. अस्वल चार पावलं चाललं नि खड्ड्यात पडलं. अंगठ्याला स्पर्श कळत नाही, म्हणून दिनेश पडद्याकडंच बघत होता. प्राची रडली. मी नाही. टेंभी नाक्याच्या देवीला मनात बोलले की... जाऊ दे.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
दिनेश कोलशेतच्या कारखान्यात लेथवर होता तेव्हाची त्याची हत्यारं दरवर्षी पुजते. यंदा पान्यांशेजारी गेम ठेवला. आता तेच त्याचं हत्यार. कुंकू वाहिलं, हळदीचं पाणी शिंपडलं. हात जरा सैल पडला.

२, गुरु. दसरा.
गेम लावला तर अस्वल आपणहून पळतंय. पडतंय, उठतंय, पुन्हा पळतंय. पळायचं बटण आत रुतलंय, फटीत कुंकवाचा चिखल. सुईनं कोरलं, निघेना. म्हातारीला अक्कल नाही ती नाहीच.
दिनेशची हाक, "आई, आण तो. शेवटचं बघतो."
सांगायला तोंड उघडलं. नेऊन दिला. अंगठा बटणावर मीच ठेवला.
अस्वल पळालं. यानं उजव्या हातानं उडी दिली, खड्डा ओलांडला. दुसराही. पाच महिन्यांत असा चेहरा बघितला नव्हता.
"आई, मीच दाबतोय ना?"
म्हटलं, "नाहीतर काय मी?"

३, शुक्र.
सकाळपासून खेळतोय. सांगतो, नवव्या खड्ड्यापर्यंत गेलो. बटणाचं सुनेला, प्राचीला माहीत नाही. बाई चारला येणार. आल्या की आधी अंगठा उचलून बघतात. उचलला तरी अस्वल पळतच राहील.
खरंच दाबत असेल तर? त्याला कळत नाही, मला दिसत नाही.
सव्वातीन झालेत.