पंधरा सेकंदांच्या पुढचं

कार्हुलाम्पी, मार्च महिना
(बर्फ अजून खिडकीच्या कडेला टेकलेला)

ती. आइलाआत्यास,

तुझ्या धाकट्या भावाच्या एकुलत्या एका (त्यांच्या मते एक झाला तोच पुष्कळ) मुलाचा, म्हणजे यार्कोचा, वाकून नमस्कार. तुझा खुबा आता कसा आहे? योरानआतोबांचा रक्तदाब उतरला का? तुमच्या स्वीडनमधले डॉक्टर गोड बोलतात म्हणे. आमच्याकडचे खरं बोलतात, आणि त्यातलं बरं कुठलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या डॉक्टरने बाबांच्या पायाशी उभं राहून, खिडकीबाहेर बघत सांगितलं की आता कर्करोग यकृतात पसरलाय, बर्फ वितळेपर्यंत काढतील असं वाटत नाही. बाबा म्हणाले, यंदा बर्फ उशिरा वितळणार. एवढंच. मग दोघं स्कीला कुठलं मेण चांगलं यावर बराच वेळ बोलत बसले आणि मी टोपी हातात घेऊन उभा. तुला अजिबात कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे, म्हणून लगेच कळवतोय.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. आत्या, आपल्या घराण्यात ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ याच्यापलीकडे फोनवर कुणी काही बोललंय का? म्हणून पत्र. आणि पत्रात आधी माझ्या धंद्याची रडकथा सांगतो. बाबांचं जे काही अडलंय ते त्याच धंद्यापाशी अडलंय, त्यामुळे ती वाचल्याशिवाय तुझी सुटका नाही.

मी हाल्लायो या नावाने नाचाचं संगीत करतो, हे तुला माहीत आहे. हे नाव घेतलं तेव्हा मला ते फार भारदस्त वाटलं होतं. बाबा म्हणाले, उभं पीक जाळणाऱ्या थंडीच्या रात्रीचं नाव कुणी आपणहून लावून घेतं का, तुझ्या आजोबांचा सातू तिनेच नेला. तरी त्या नावाने एक उन्हाळा माझा गाजला. जर्मनीत एका उघड्या माळावर हजारो माणसं माझ्या एका गाण्यावर उड्या मारत होती. (गाण्यात शब्द नाहीत, फक्त मध्ये एकदा ‘होई’ असं आहे. तेही माझ्याच आवाजात, कारण गायिकेला सर्दी झाली होती.) मला वाटलं, आता आयुष्याची ददात मिटली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच माळावर त्याच माणसांनी दुसऱ्याच कुणाच्या गाण्यावर उड्या मारल्या. त्यानंतर मी केलेली गाणी, आई असती तर तिनेही, शेवटपर्यंत ऐकली नसती.

मग पोटासाठी जे मिळेल ते. तुर्कूहून तुमच्याकडे येणाऱ्या बोटीवर दोन हिवाळे वाजवलं. (तुझ्या इतक्या जवळ येऊन भेटलो नाही. लाज वाटत होती, दुसरं काय.) तिथे म्हाताऱ्या बायका येऊन टँगो लावायला सांगत. मी टँगो नाही म्हटलं की माझ्या खांद्यावर थोपटून, बिचारा, असं म्हणून जात. एकदा ट्रॅक्टरच्या दुकानाच्या उद्घाटनाला बोलावलं. उणे अठ्ठावीस, उघड्यावर. यंत्राची बटणं गोठून जागच्या जागी बसली आणि आवाज कमीही होईना, बंदही होईना. सगळा गाव वाटाण्याच्या सुपाचे कप धरून पुतळ्यांसारखा समोर उभा. एकाचाही पाय हलला नाही. मी मनात म्हटलं, संपलं, आता ट्रॅक्टरखालीच झोपावं. महिन्याभराने दुकानदार बाजारात भेटला, बुटांकडे बघत म्हणाला की वाईट नव्हतं, पुढच्या वर्षी पण ये. आपल्या माणसांचं हे असं आहे. त्यांना आवडलंय की ते तुला पुरायला आलेत, हे तोंडावरून कळत नाही.

शेवटी त्या एका गाण्याला आपल्याच गावाने आसरा दिला. आइस हॉकीच्या आपल्या संघाने गोल केला की हॉलमध्ये त्यातले पंधरा सेकंद वाजवायचे असं क्लबने ठरवलं. बाबा त्याच हॉलमध्ये बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवायचे हे तुला ठाऊक आहेच. म्हणजे बाप-लेक एकाच छपराखाली कामाला लागलो म्हणायचं. फक्त संघ असा दरिद्री की गोलच होईनात. मी वर कोपऱ्यात बसून वाट बघायचो, बाबा खाली फाटकाशी यंत्रावर बसून वाट बघायचे. चुकून गोल झाला, पंधरा सेकंद वाजले, की बाबा टोपी जरा मागे सरकवायचे. ती त्यांची शाबासकी की डोक्याला खाज, हे वीस वर्षांत मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरी जाताना ते मागच्या दाराने जात, मी पुढच्या.

मग क्लबचे अध्यक्ष अर्मास वारले. सामन्याआधी एक मिनिट स्तब्धता ठेवली. सगळा हॉल उभा, टोप्या काढलेल्या, दिवे मंद. आणि ध्वनियंत्राशी बसलेल्याचं कोपर कुठे टेकलं देव जाणे, माझं गाणं दणक्यात सुरू झालं. पंधरा सेकंद. ‘होई’सकट. आत्या, कुणी हललं नाही. कुणी कुणाकडे बघितलं नाही. प्रत्येकाला वाटलं की मेलेल्या माणसाची ही इच्छा असणार आणि हे फक्त आपल्यालाच माहीत नाही. गाणं थांबलं, उरलेलं मिनिट शांततेत गेलं, सामना सुरू झाला (हरलो). मी रात्रभर सामान बांधत होतो, गाव सोडायचं म्हणून. सकाळी अर्मासच्या बायकोचा, हिल्काबाईंचा फोन. म्हणाल्या की छान झालं, तेच चर्चमध्येही वाजव.

तिथून मी मयताचा वादक झालो. गावात कुणी गेलं की मला बोलावणं. पाद्रीबाबांनी परवानगी दिली, पण पंधरा सेकंदांचीच. तेवढं देव सहन करील, पुढचं मी नाही सांगू शकत, असं म्हणाले. तेव्हापासून मी काळा कोट घालून शवपेटीमागे यंत्र मांडतो, बटण दाबतो, आणि मग सगळ्यांबरोबर कॉफी पितो आणि तो कोळंबी लावलेला पावाचा खारा केक खातो. प्रत्येक मयताला तोच केक. ज्यांच्याबरोबर शाळेत जात होतो त्यांच्या आयांना मी पोचवलं, आणि त्या सोबत्यांपैकी दोघांना स्वतःलाही. हसू येतं आत्या, आणि मग घरी येऊन काही जेवण जात नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात बाबांना दवाखान्यात हलवलं. मी रोज जातो. खुर्चीवर बसतो, आम्ही हवामानाबद्दल बोलतो. एके दिवशी त्यांनी छताकडे बघत विचारलं, “त्या तुझ्या गाण्याचं पुढे काय होतं?”

मला कळेना. म्हटलं, कशाचं पुढे? तेव्हा निघालं ते असं: वीस वर्षं या माणसाने माझं गाणं पंधरा-पंधरा सेकंद ऐकलं, प्रत्येक वेळी त्यांना वाटलं की आता पुढचं येईल, आणि प्रत्येक वेळी ते तुटलं. विचारायचं त्यांच्या मनात होतं. पण मला काय वाटेल, म्हणून नाही विचारलं. मी त्यांना गाण्याची तबकडी दिली होती, ती लावायला घरात यंत्र नव्हतं, आणि यंत्र मागावं तर उगाच मला तोशीस. मी मूर्ख, समजत होतो की त्यांना ऐकायचंच नाही. ते समजत होते की मला ऐकवायचं नाही. दोघं एका स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो.

मी धावत जाऊन हेडफोन आणले आणि आख्खं गाणं ऐकवलं. बाबांनी डोळे मिटून, चर्चमध्ये बसतात तसं, पूर्ण ऐकलं. हेडफोन काढले आणि म्हणाले, “आणि मग?” आत्या, मग काहीच नाही. आमच्या धंद्यात गाण्याला शेवट नसतो. पुढच्या गाण्यात मिसळता यावं म्हणून शेवटी नुसता ठोका चालू ठेवतात, तोच तो, आणि मग तोही विरतो. मी हे समजावलं. ते म्हणाले, “हा शेवट नव्हे. हे दार उघडं टाकून जाणं झालं. नीट शेवट करून आण, तोवर मी आहे.”

एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. तेव्हापासून मी त्या गाण्याला शेवट लावतोय. पहिला केला तो रडका झाला, दुसरा इतका जोरकस की परिचारिका मिर्वा धावत आली, तिसऱ्यात मी चक्क टँगो घुसवला, तो ऐकून बाबांनी नुसती मान हलवली. चाळिशी उलटलेला माणूस, बापापुढे गृहपाठ दाखवल्यासारखा रोज उभा राहतो. तरी खरं सांगतो, इतका आनंदात मी जर्मनीच्या माळावरही नव्हतो. त्यांना वेदना आहेत हे दिसतं, आणि मला तो आनंद लपवावा लागतो.

म्हणून विनंती एवढीच की तू चार दिवस ये. त्यांच्याशी बोलत बस, म्हणजे मला कामाला निवांतपणा मिळेल. तुझ्यासाठी माझी खोली रिकामी करतो, मी सॉनाच्या बाकावर झोपेन. योरानआतोबांना नमस्कार, त्यांना आणू नकोस, बाबांना स्वीडिश ऐकून जास्त त्रास होतो.

तुझा,
यार्को

ता. क. खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या आणू नकोस. बाबा तुला नाही म्हणणार नाहीत, पण त्यांना गिळता येत नाहीत.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी लिहितोय. निवांतपणाचं मी खोटं लिहिलं. शेवट बुधवारीच झाला आहे. साधा आहे, छोटा आहे, आणि चांगला आहे, हे मला मयताला वाजवूनवाजवून आता कळतं. ऐकला की त्यांना पटेल. पटला की मग ते जगायला थांबायचे नाहीत, हेही मला कळतं. म्हणून मी तो त्यांना दाखवलेला नाही. आणि आज मिर्वाने मला बाहेर बोलावून सांगितलं की बाबा दुखण्याचं मोठं औषध घेत नाहीत. त्याने गुंगी येते, आणि मी गाणं घेऊन येईन तेव्हा आपण झोपलेलो असू, अशी त्यांना भीती आहे. आत्या, मिळेल त्या बोटीने ये आणि मला सांग, वाजवू का. माझ्याच्याने ठरत नाही. दुपारी त्यांनी पुन्हा विचारलं, झालं का. मी म्हटलं, अजून नाही.