शिसं ओतलेली बंदूक

बा, त्या सकाळी मी मळ्यातून लवकर परतलो, हातपाय धुतले, देवाला दोन फुलं वाहिली आणि तुझ्या हत्यारांच्या खोलीचं कुलूप काढलं. जवाई माझ्या मागे उभे होते. नदी ओलांडून आले होते, धोतर मांडीपर्यंत ओलं होतं. तू ठोकलेल्या खुंट्यांवर सगळं तुझ्याच ओळीनं होतं. तुझी धार घालवलेली तलवार, भाल्याची पाती, गंजलेल्या संगिनी, आणि नळीत शिसं ओतून मारलेल्या बंदुका. जवायांनी साऱ्यांवरून नजर फिरवली आणि छावणीतून आलेल्या लांब बंदुकीला हात लावला.

"मामा, हे द्या मले."

"जवाईबापू, मेलेली हाय ते."

"ठाऊक हाय. आमच्याकडं एक लोहार हाय, तो म्हन्ते, जित्ती करून देतो."

मी ती खुंटीवरून काढली, करडीच्या तेलाचा बोळा फिरवला आणि त्यांच्या हातात दिली. हातात देताना मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुझ्या खोलीतल्या एखाद्या वस्तूची कुणाला गरज पडली होती.

तू जाऊन पुष्कळ वर्षं झाली. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणूनच लिहिता येतो. हिंगोलीची घोडदळाची छावणी मोडल्यावर तू गावी आलास आणि वांगी-मिरच्या लावल्यास, पण स्वाराचं मन काही मातीत पुरलं नाही. पेन्शनीतला कुणी मेला की त्याची बंदूक कचेरीत जायची, तिथं तिच्या नळीत शिसं ओतायचे, आणि मग ती भंगारात जाण्याआधी तू जाऊन हात जोडायचास. केनवडच्या बाजाराला भाजी घेऊन जायचास आणि टोपलीत मोडका भाला घालून यायचास. माय म्हणायची, "लोकं बाजारातून गूळ आनतात, अन् हे मुडदे आनून राह्यले." तू हसायचास. ज्या माणसांनी या लोखंडावर जन्म काढला, त्यांचं लोखंड तरी चार लोकांनी पाहावं, एवढंच तुझं म्हणणं. शिरपूरच्या देवळाला जाणारे गाडीवाले आपल्या विहिरीवर बैल पाजायला थांबत, तेव्हा तू त्यांना खोली दाखवायचास. एक जैन म्हातारी साऱ्या भिंती पाहून म्हणाली होती, "चांगलं केलं बाप्पा, याईचाच जीव घेतला." ते वाक्य तू पुढं प्रत्येक पाहुण्याला सांगायचास.

आणि एक दिवस मी चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या मायवर अशीच एक बंदूक रोखली. मिसरूड फुटलं होतं तेव्हा मला, गंमत म्हणून केलं. मायही हसत होती. तू दारातून आलास आणि माझ्या कानशिलात मारलीस. मी म्हणालो, "बा, मेलेली हाय ना ते." तू बंदूक काढून घेतलीस, पुन्हा खुंटीवर टांगलीस आणि माझ्याकडे पाठ करून म्हणालास, "बंदूक मेली हाय. तुह्या मनातला नेम मेला का?" मला तेव्हा वाटलं, बाला गंमत कळत नाही.

तुझ्यामागं मी खोली सांभाळली, वाढवलीही. दर खांडेनवमीला सारं उतरवायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं. माझी लेक ते सारं बघतच मोठी झाली. तिला नदीपलीकडं मोगलाईत, निजामाच्या मुलखात दिली. घर चांगलं, माणूस त्याहून चांगला, थोडं बोलणारा. मग मागच्या साली तिकडं धामधूम सुरू झाली. कुणाची टोळी कुठून येते, कळेना. गावंच्या गावं गाड्या भरून नदी उतरून अलीकडं येऊ लागली. मी दोनदा निरोप धाडला, या निघून. पण तिची सासू थकलेली, गोठ्यात गुरं, रानात उभी ज्वारी. आणि मग त्या सकाळी जवाई बंदूक मागायला आले.

काही दिवसांनी ते पुन्हा आले, रिकाम्या हातानं. ओसरीवर बसले, पाणी प्यायले.

"लोहार म्हन्ते, शिसं निंगन, पन नळी आतून फोडेल हाय. बार केला तं आपलंच तोंड जाईल."

"मंग फेकून द्या. अन् तिले घेऊन या इकडं."

ते खाली बघत सांगू लागले. लोहाराकडून परत गावात शिरले तेव्हा पारापाशी गाड्या जुंपून तयार होत्या. लोकांनी त्यांच्या खांद्यावर बंदूक पाहिली. कुणीतरी म्हणालं, जित्ती झाली. "म्या काईच नाई बोललो, मामा. तेच म्हनले. अन् बैलं सोडले त्याईनं. खाटा-बाजा उतरवल्या गाड्याईवरून."

"मंग आता सांगा त्याईले."

"आता कसं सांगू? पाय गळतीन त्याईचे."

"मंग तुमी दोघं तरी या, बुढीले घेऊन."

"मी निंगालो तं बंदूकबी निंगाली, मामा. मंग गावात काय राह्यलं?"

लेकीला तरी सांगा, म्हणालो. ते म्हणाले, तिच्या तोंडावर सारं दिसते, एका दिवसात गावाला कळेल. मग उठून माझा हात धरून मला देव्हाऱ्यापाशी नेलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. कुणापाशी बोलायचं नाही, तिच्यापाशी तर नाहीच. मी उचलला. ते नदी उतरून जाताना मी काठावर उभा होतो. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढचं मी लोकांच्या तोंडून ऐकलं. भर दुपारी टोळी आली. जवाई वेशीत एकटे पुढं झाले. बंदूक खांद्याला लावली, नेम धरला आणि तसेच उभे राहिले. समोरचेही थांबले, म्हणतात. बराच वेळ थांबले. मग त्यांच्यातल्या एकानं गोळी घातली. गाव पेटलं. बुढी सासू आतच राहिली. माझी लेक चार बायांबरोबर नदी उतरून आली, काखेत वाकळ होती, वाकळीत ती बंदूक. माझ्याशी बोलण्याआधी तिनं खोलीची किल्ली मागितली आणि बंदूक तिच्या जागेवर टांगली.

तेव्हापासून ती मळ्यात काम करते, आणि नवऱ्याचं नाव काढत नाही. पलीकडून आलेली माणसं तोंडावर बोलत नाहीत, पण विहिरीवर बोलतात. हातात भरली बंदूक होती आणि चालवली नाही. हात कापला असंल. पाहुणे आता तुझी तलवार बघत नाहीत, बा, 'ते बंदूक कोन्ती' म्हणून विचारतात, आणि माझी लेक बोट दाखवते. गेल्या महिन्यात मी वर्षश्राद्धाची गोष्ट काढली, तर ती भाजी निवडत म्हणाली, "कायले करता? ज्याले चाप वढता आला नाई त्याले कायचं पिंड?"

तिच्या तोंडून हे ऐकलं आणि माझं जप करणं थांबलं. माळ हातात असायची, मणी पुढं सरायचा नाही. शपथ पाळली तर तो माणूस तिच्या मनात भित्रा म्हणून राहणार. मोडली तर तिला कळणार की भित्रा नव्हता, पण सारं गाव त्याच्या गप्प बसण्यामुळं थांबलं. दोन्हींतून एक तिच्या पदरात घालायचं होतं आणि दोन्ही विषारी. देवाला विचारलं. देव काही बोलला नाही, आणि बोलेल असं मलाही फारसं वाटत नव्हतं.

काल सकाळी आम्ही बांधावर मेथीच्या जुड्या बांधत होतो. मुळांना ओली माती होती, लेक ती झटकत होती.

मी म्हणालो, "बाई, ते बंदूक जित्ती झालीच नव्हती."

तिनं हातातली जुडी पुरी बांधली. इतकी आवळली की पानं तुटली.

"कोनं सांगतलं?"

"त्याईनंच. लोहारानं नाई म्हनलं होतं. मले शपत घातली होती."

"म्हंजे वेशीत गेले तवा ठाऊक होतं त्याईले."

"हो."

तिच्या तोंडावर सारं दिसतं, जवाई म्हणाले होते ते खरं. आधी तिथं माझ्या लेकीचा नवरा परत आला. मी पाहिलं ते. वर्षभरात पहिल्यांदा ती त्याच्यासाठी रडली. मग पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं पाहिलं, तेव्हा ते तोंड दुसरंच होतं.

"अन् तुमालेबी ठाऊक होतं."

मी होकाराची मान हलवली.

"माह्या सासूची गाडी भरून झाली होती, बाबा. बैल जुपेल होते. बंदूक आली म्हून बुढीनं गाडी रिकामी केली."

तिनं जुड्या टोपलीत रचल्या, पाणी शिंपडलं आणि टोपली उचलून निघाली. आज श्राद्ध झालं. तिनं स्वतः वडे तळले, खीर केली, पहिलं पान त्यांच्या नावानं बाहेर ठेवलं. मलाही वाढलं. माझ्याकडं न बघता वाढलं, आणि यापुढं असंच वाढील.

सांगितलं, बा. बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ मोडून सांगितलं. तिच्यासाठी सांगितलं, असं मी आज देवापुढं बसून म्हणालो. तुझ्यापुढं तसं म्हणवत नाही. मला ते एकट्याला बाळगवत नव्हतं.