हिवरखेडची साइट हिरवी

सोम. ३ मार्च, अकोला
दिवसभर गाडीत. बाळापूर रोड, मग आत तेल्हाऱ्याकडे. मांडीवर लॅपटॉप, समोर टेस्टचे दोन फोन. एक लावतो, दुसरा उचलतो, ठेवतो, परत लावतो. आवाज नीट येतो का, कॉल मध्येच तुटतो का, ते मशीन टिपून घेतं. ड्रायव्हर सलीमभाई म्हणाले, "मॅडम, ये दोनों दिनभर एक-दुसरे कू लगाते, बोलता कोई नै." तेव्हा हसले. रूमवर कुलूप उघडताना आठवलं, तेव्हा नाही हसू आलं.

बाबांचा फोन दिवाबत्तीला, रोजच्यासारखा. "काय केलं भाजीले?" दोनदा तुटला. आई गेल्यापासून हिवरखेडच्या पुढं वावरातल्या घरी एकटेच राहतात. टॉवर तिथून लांब. आणि तो टॉवर, हिवरखेडची साइट, माझ्याच कामाच्या यादीत.

गुरु. ६ मार्च
भांडण. बाबा : "अमरावतीले बदली मागून घे. मामा पोरगं पाहून राह्यले तुह्यासाठी." मी म्हटलं, रोज हेच ऐकवायचं असेल तर फोन करूच नका. "बरं बाई," म्हणाले आणि बंद. तुटला की त्यांनी ठेवला, कळलं नाही. मीही परत लावला नाही. डोकं सणकलं होतं.

शुक्र. ७ मार्च
अमरावतीला रिव्ह्यू. साहेबांनी सगळ्यांसमोर स्क्रीनवर हिवरखेडची साइट दाखवली, लालभडक. "कॉल ड्रॉप कमी करा मॅडम. कसंही करा." कसंही म्हणजे काय ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत. टॉवरला सांगायचं, कमजोर सिग्नलचा फोन आत घेऊच नको. कॉल लागलाच नाही तर तुटेल कुठून? आकडा आपोआप सुधारतो. तिकडं नवा टॉवर द्या म्हणून मागून मागून थकले. तिथंच बसून लॅपटॉपवर सिग्नलची अट वाढवली. कडेची थोडी घरं जातील. सगळेच करतात.

स्टेशनकडे जाताना गिला वडा खाल्ला, उभ्यानं. शेजारी कॉलेजच्या पोरी एका प्लेटीत चौघी.

मंगळ. ११ मार्च
साइट हिरवी. ग्रुपवर साहेबांचा अंगठा, खाली बाकीच्यांचे.
बाबांचा फोन नाही. रविवारीही नव्हता. रुसलेत. रुसू द्या, मी त्यांचीच पोरगी आहे, मलाही येतं रुसता.
कूलर काढून लावला. आवाज बरा वाटतो खोलीत.

शनि. १५ मार्च
होळी झाली, काल धुळवड. घरमालकीण काकूंनी पुरणपोळी दिली, दारातूनच. बाबांचा फोन नाही. सणाला सुद्धा नाही.

आज राहवलं नाही. लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. परत लावला, तेच.  मग लक्षात आलं.
कडेची थोडी घरं. मीच लिहिलंय वर.

सिग्नलच्या नकाशावर कडेला नुसता पिवळा पट्टा दिसतो. त्यात बाबांचं घर आहे हे मला नाही तर कोणाला कळायला पाहिजे होतं? रागात होते, अन् साहेबांसमोर लाज गेली होती. दुसरं काही नाही. लगेच लॅपटॉप उघडून जुनी अट परत टाकली.

लावला. वाजला. उचलला.
"मले वाटलं, तू रागानं माहा नंबरच बंद करून टाकला."
 ते आपले सांगत होते. फोन बिघडला समजून गावात दुरुस्तीला नेला होता. "दुकानात बरोब्बर चाले. तो म्हणे, काका, याले काईच नाही झालं. वावरात आलो का मेला."
मग दुकानातून काहून नाही लावला मला?
"तू ड्युटीवर असशील. अन् तूच म्हणली होती ना, करू नका म्हून."
रडले. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर ओढणी धरली. अट मी वाढवली होती, हे सांगितलं नाही.

सोम. १७ मार्च
सकाळीच साहेबांचा मेसेज. "हिवरखेड परत लाल. कोणी हात लावला?"  उद्या अमरावतीला बोलावलंय.

अट परत वाढवली तर साहेब खुश. नाही वाढवली तर ही साइट काढून दुसऱ्याला देतील, आणि तो पहिल्याच दिवशी वाढवेल.

दिवाबत्तीला बाबांचा फोन. "जेवली काय?" नाही अजून. "आवाज काहून असा येऊन राह्यला तुहा?" काही नाही, कूलर चालू आहे. "बरं, आयक. म्या मामाले सांगून देलं का पोरीले..."
कट.

यावेळी त्यांनी ठेवला नाही, एवढं मला ठाऊक आहे. उद्या साहेबांच्या स्क्रीनवर हा तुटलेला कॉलही दिसेल, लाल.

फोन ओट्यावर ठेवलाय. वांगी चिरून ठेवली आहेत, ती फोडणीला टाकते. परत लागला तर विचारतील, काय केलं भाजीले.