भुरीच्या पिल्लांचा वाटा

प्रिय अक्का,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. दाजींनी सगळं नीट केलं. जेवणं उरकली, पाव्हणे गेले, आणि मग तुझ्या अंगणात एक डालगं आलं. त्यात काय होतं ते सांगते, पण आधी दुसरं बोलायचंय. ते तुझ्यासमोर बोलायला हवं होतं. तू होतीस तेव्हा मी ‘पुढच्या खेपेला बोलू’ म्हणत मुदखेडला परत जायची. आता पुढची खेप कुठली?

म्हणून हे पत्र. तुला वाचता येत नव्हतं, माझी पत्रं तू शेजारच्या पोरींकडून वाचून घ्यायचीस आणि शेवटी विचारायचीस, “एवढंच लिवलंय व्हय?” या वेळी बरंच लिहिलंय.

भुरी आठवते ना? काय विचारते मी! राखाडी पिसांची, अर्ध्या मानेवर पिसंच नसलेली, दिसायला अगदीच बेंगरूळ कोंबडी. मी कॉलेजातून सुट्टीला आले की हसायचे तिला. तू रागवायचीस. “दिसण्यावर नको जाऊस सुनी. मागच्या साथीत गल्लीतली समदी पिल्लं हगून हगून मेली. हिची सात व्हती, सातबी हिंडून राहिली.”

पांढरी हगवण आली की आपल्या गावात काय व्हायचं ते लहानपणापासून बघतोय आपण. पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसायची, मागं पांढरी घाण चिकटायची, दोन दिवसांत खुराडं रिकामं. बाया म्हणायच्या, वारं लागलं. तू तसं म्हणायची नाहीस. तू बघत बसायचीस, कुणाची मेली आणि कुणाची राहिली.

आणि मग तुझं ते कोळशाचं काम! भुरीनं अंडं घातलं की त्यावर कोळशाची रेघ ओढायची. रवणीला, उबवायला, ठेवायची ती फक्त रेघेची अंडी. बाकीची आमलेटला. पुढं तिच्या पोरींच्या अंड्यांवर दोन रेघा. तिचे कोंबडे तर तू जत्रेलाही कापू दिले नाहीस. दाजी किती चिडायचे! “सगळ्यात दमदार कोंबडा पाव्हण्याला न्हाई घालायचा, तर मग काय शाळेत घालायचा का?” तू पदर तोंडाला लावून हसायचीस आणि दुसराच एखादा कोंबडा त्यांच्या हातात द्यायचीस.

मी पाच वर्षं शिकून जनावरांची डॉक्टर झाले. जे तू कोळशाच्या तुकड्यानं करत होतीस, त्याला पुस्तकात निवड-पैदास म्हणतात, ते मी परीक्षेत लिहून आले होते. तरी तुझ्या अंगणात ते मला दिसलं नाही. का गं दिसलं नाही?

दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. गावात पुन्हा मर लागली. तूच फोन केलास. “सुनी, ये. बाया रडून राहिल्यात.” मी रजा काढून आले, पेटी घेऊन, फार तोऱ्यात. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर कोंबडीच्या रक्ताचा थेंब, त्यावर जांभळ्या औषधाचा थेंब, काडीनं हलवायचं. दाणे धरले की समजायचं, हिच्या अंगात हा रोग येऊन गेलाय. अशी कोंबडी वरून धडधाकट दिसते, पण अंड्यातून रोग पिल्लांना देऊ शकते. गावातल्या घराघरात मी हे केलं. ज्यांच्या थेंबात दाणे धरले त्या मारून, खड्ड्यात चुना टाकून पुरायला लावल्या. बायांनी शिव्या घातल्या, तरी ऐकलं त्यांनी.

शेवटी तुझं अंगण. भुरीच्या थेंबात दाणे धरले. तिच्या पोरींच्याही.

तू म्हणालीस, “अगं, ती आजारी पडली न्हाई म्हणून मारतीस का?”

अक्का, तू बरोबरच विचारलं होतंस. रोग येऊन गेलाय म्हणजे तो अजून अंगात आहे असं नव्हे. तिच्या रक्तानं त्याला हाकलूनही लावलं असेल. म्हणून पुस्तकातच लिहिलंय, शंका असेल तर कोंबडी वेगळी ठेवा, महिन्यानं पुन्हा तपासा, पिल्लं बघा. मला ते पाठ होतं. पण कुंपणापाशी अर्धं गाव उभं होतं. त्यांच्या कोंबड्या मी तासाभरापूर्वी पुरायला लावल्या होत्या. आता बहिणीच्या तेवढ्या वाचवल्या तर काय तोंड दाखवू? डॉक्टरीणबाईनं घरचं राखलं असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी मी भुरीला नि तिच्या पोरींना मारलं. रोगासाठी नाही केलं. माझ्या नावासाठी केलं.

बाकीच्यांच्या कोंबड्यांनाही मी तो महिना द्यायला हवा होता. पण त्यांच्या बाबतीत मी निदान घाईत चुकले. भुरीच्या बाबतीत मला कळत होतं.

“अजून कुठं आहेत का तिच्या?” मी विचारलं. तू मान हलवलीस. “न्हाई.”

मग तू तांब्या आणलास आणि माझ्या हातांवर पाणी घातलंस. तांब्या खाली ठेवून आत निघून गेलीस. मला वाटलं, राग आलाय. राहू दे, निवळेल.

त्यानंतर तू कोंबड्या पाळल्या नाहीस. खुराड्यात गोवऱ्या रचल्यास. मी आले की चहा द्यायचीस, तब्येत विचारायचीस, सगळं पूर्वीसारखं. भुरीचं नाव तू काढलं नाहीस आणि मीही नाही. सांग ना, तू वाट बघत होतीस का मी काढेन म्हणून?

आणि मग गेलीसच! छातीत दुखतंय म्हणालीस, लातूरला पोचायच्या आत संपलं. मी तेव्हा हिमायतनगरकडं जनावरांच्या लसीकरणाला गेलेले. फोन लागला तेव्हा मी एका म्हशीची शिंगं धरून उभी होते. मी येईपर्यंत तुला नेलं होतं. तुझा चेहरासुद्धा बघितला नाही मी.

मागच्या महिन्यात आमच्या साहेबांनी बैठकीत सांगितलं, कॉलेजातली माणसं अशा गावरान कोंबड्या शोधताहेत ज्यांच्या रक्तातच या हगवणीला तोंड द्यायची ताकद असते आणि ज्या ती ताकद पिल्लांत उतरवतात. कुणाकडं पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपलेला कळप असेल तर कळवा. सगळे एकमेकांकडं बघत होते. असं कोण करतं हल्ली? मी खाली मान घालून बसले. मला माहीत होतं कोण करत होतं, आणि तो कळप कोणत्या खड्ड्यात आहे तेही.

आता कालचं सांगते.

कोंडाबाई आली. तीच गं, गावाबाहेर आखाड्यावर, शेतातल्या खोपटात राहते ती, तुझी मैत्रीण. अंगणात डालगं ठेवलं आणि मला म्हणाली, “हा अक्काचा वाटा.”

मी डालगं उचललं. आत चार तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या. राखाडी! अर्ध्या मानेवर पीस नाही. त्यातली एक माझ्याकडं तिरकी मान करून बघत होती, अगदी भुरीसारखी आगाऊ.

“तिनं मर लागायच्या आधीच भुरीची एक पोर मला वाट्यानं दिलती,” कोंडाबाई म्हणाली. “निम्मी पिल्लं तिची, निम्मी माझी. ती गेली म्हून काय वाटा जातो का? औंदा पुन्हा हगवण आली, खालच्या आखाड्यावरची समदी गेली. हिचं एकबी न्हाई गेलं.”

तू तेव्हा मान हलवून ‘न्हाई’ म्हणालीस ते खोटं होतं तर! आयुष्यात एकदा खोटं बोललीस, तेही माझ्याशी.

मला रडू फुटलं. म्हटलं, “अक्काला माझी एवढी भीती वाटली? मला कळलं तर मी त्याही मारीन, असं वाटलं तिला?”

कोंडाबाई माझ्याजवळ बसली. “भ्या कसलं गं? मला शपथ घातलती तिनं, सुनीला सांगू नको म्हून. म्हणली, हात धुताना पोरीचे हात लई कापून राहिले व्हते. तिला कळलं तर तिला पुन्हा तेच करावं लागंल. एकदा केलं तेच तिला सोसंना.”

अक्का! मी वर्षभर, दोन वर्षं समजत होते की तू माझ्यावर रुसलीस. आणि तू माझे हात बघत होतीस. मग एकदा बोलायचंस तरी! पण मी तरी कुठं बोलले?

आज सकाळी मी खुराड्यातल्या गोवऱ्या काढल्या, आत चुना मारला. कोंबड्या आत सोडल्या. दाजी ओट्यावरून बघत होते, म्हणाले, “आता यातला एकबी पाव्हण्याला मिळत न्हाई, मला म्हाईत हाय.” आणि डोळे पुसत आत गेले.

मी त्यांच्या रक्ताचा थेंब घेणार आहे, अक्का. घ्यावाच लागेल. दाणे धरले तर त्यांना वेगळं ठेवीन, महिन्यानं पुन्हा बघीन, त्यांची पिल्लं बघीन, आणि कुंपणापाशी कितीही माणसं उभी राहिली तरी थांबीन. कॉलेजच्या कागदावर कळप जपणाऱ्याचं नाव विचारलंय, तिथं तुझं लिहीन. पहिल्या रवणीतली निम्मी पिल्लं कोंडाबाईची. आणि प्रत्येक अंड्यावर कोळशानं रेघ ओढीन. तेवढ्या वेळी हात कापणार नाही, हा तुला शब्द देते.

तुझीच,
सुनी