बर्फाच्या दिवसांतली फोनची ड्युटी

आई, यंदाच्या हिवाळ्यात मी आठवडाभर फोनवर बसून होतो. तू बसायचीस तसा. त्याला आता दोनेक महिने होत आले, बर्फ केव्हाच वितळला, समोरच्या बागेत पिवळी फुलंही आली, पण माझा थकवा काही जात नाही. घरात हा विषय निघाला की मी काहीतरी दुसरं बोलतो. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुला पत्र लिहायला बसणं म्हणजे वेडेपणाच आहे. पण फोनच्या कामाबद्दल जिला सांगावं अशी तुझ्याशिवाय कोणी मला माहीत नाही.

मी इकडे आलो तेव्हा तू नव्हतीस, म्हणून आधी थोडं सांगतो. आयर्लंडच्या पार वरच्या टोकाला लेटरकेनी नावाचं गाव आहे, तिथे आम्ही राहतो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तुझी सून त्याच हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर आहे. नात कॉर्कला शिकते, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. इथे एरवी बर्फ फारसा पडत नाही, पाऊसच जास्त. पण एखाद्या वर्षी असा पडतो की डोंगरातले रस्ते बंद होतात, अँब्युलन्स वर चढत नाही, नर्सेसना ड्युटीवर येता येत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे फोर बाय फोर गाड्या आहेत अशी काही माणसं आपली गाडी आणि आपला वेळ देतात. कोणाला डायलिसिसला न्यायचं, कोणाकडे औषध पोचवायचं, डॉक्टरांना घरून आणायचं. पैसे कोणी घेत नाही. माझ्याकडे एक जुनी, उंच गाडी आहे. गेली काही वर्षं मीही यात आहे. यंदा मात्र कंबर धरली होती, मणक्यातली गादी सरकलेली, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलेलं. तेव्हा आमचा जो म्होरक्या आहे तो म्हणाला, मग तू फोन सांभाळ. हॉस्पिटलमधून, अँब्युलन्सवाल्यांकडून काम येईल ते घ्यायचं, कोण जवळ आहे बघून त्याला पाठवायचं. निघताना त्याने फोन करायचा, पोचल्यावर करायचा. एवढंच. बसल्या जागचं काम. मला ते सोपं वाटलं. तुझ्या पोटी जन्मून मला ते सोपं वाटलं, याचं आता हसू येतं.

पोस्टाच्या मागच्या खोलीतलं आपलं टेलिफोन एक्स्चेंज मला या दिवसांत फार आठवलं. शाळा सुटली की मी तिथेच यायचो, घरी कुणी नसायचं म्हणून. तुझ्या कानाला हेडसेट, समोर तो काळा बोर्ड. गावात कोणी फोन उचलला की बोर्डावरचं एक चिमुकलं झाकण टकदिशी पडायचं, तू तिथे दोरीची पिन खुपसायचीस आणि म्हणायचीस, ‘नंबर प्लीज.’ घरी तुझा आवाज चढायचा, चिडायचा, कधी गाणं म्हणायचा. तिथे मात्र तो एकाच पट्टीत असायचा. कोणी मुलगा झाल्याचा ट्रंक कॉल लावतोय की कोणी वडील गेल्याचा, तुझ्या आवाजावरून कळायचं नाही. मला वाटायचं तुला त्याचं काहीच वाटत नसेल.

मग तो वऱ्हाडाचा ट्रक घाटात उलटला तो दिवस. मी सहावी-सातवीत असेन. मी दप्तर घेऊन आत येतो तर बोर्डावरची सगळी झाकणं पडलेली, तू दोन्ही हातांनी पिना काढतेयस, घालतेयस. बाहेरच्या खिडकीशी माणसांची गर्दी. त्यात एक बाई कडेवर पोर घेऊन उभी आहे. तिचा नवरा त्या ट्रकमध्ये होता. ती तुला विचारते, तू मान वळवून म्हणतेस, ‘बाई, मला अजून काही माहीत नाही. कळलं की मी स्वतः येऊन सांगेन.’ ती तिथेच उभी राहते. तिचं पोर माझ्याकडे बघत असतं. मला राहवत नाही. मी खिडकीपाशी जाऊन तिला सांगतो, ‘काकू, काही झालेलं नाही. येतील ते.’ तिचा चेहरा बदलतो, ती भिंतीला टेकून खाली बसते, पोराला पाजायला घेते. बऱ्याच वेळाने घाटाखालच्या दवाखान्यातून फोन आला. तू हेडसेट काढून ठेवलास, तुझ्याबरोबरच्या ऑपरेटर बाईंना बोर्ड बघायला सांगितलंस आणि दार उघडून बाहेर गेलीस. ऑपरेटरने जागा सोडून बाहेर जाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या बाईचा आक्रोश आतपर्यंत आला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तू भाकरी थापत होतीस. माझ्याकडे न बघता विचारलंस, ‘तू तिला काय सांगितलंस?’

मी म्हणालो, ‘तिला बरं वाटावं म्हणून.’

‘तुला माहीत होतं का?’

‘नाही.’

‘मग? एवढा वेळ ती तुझ्या शब्दावर बसून होती. मला तिला तिथून उठवावं लागलं.’ भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस. ‘माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. आणि समोरून हलायचं नाही. एवढंच असतं आपल्या हातात.’

मला त्या दिवशी रडू आलं होतं आणि तू मला जवळ घेतलं नाहीस. तूही जेवली नाहीस. पण हे वाक्य माझ्यात इतकं मुरलं, की पुढे लॅबमध्ये कुणी घाबरून रिपोर्ट विचारायला आलं की मी तेच म्हणत आलो. लोक मला जरा कोरडा समजतात. असो.

बर्फाच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी सकाळी तुझी सून आमच्यातल्याच एका मुलीच्या गाडीतून ड्युटीला निघाली. पाठोपाठ निरोप आला की डोंगरापलीकडे एका म्हातारीचं शेवटचं चाललंय, घरीच आहे, वेदना थांबवणाऱ्या औषधाचा पंप बदलायला नर्सला तिथे न्यायला हवं. अँब्युलन्स अर्ध्यातून परतली होती. मी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाला फोन केला. पूर्वी दगडाच्या खाणीत कामाला होता, आता निवृत्त, तिथली वळणं त्याला पाठ. तो म्हणाला, ‘ग्रँड. निघतोच.’ इथे सगळ्याला ग्रँड म्हणतात, आई. कसा आहेस, तर ग्रँड. चहा देऊ का, नको, ग्रँड. पाय मोडला तरी ग्रँड. त्याने नर्सला घेतलं, निघताना मला फोन केला, आणि मग त्याचा फोन आलाच नाही.

डोंगरातल्या खिंडीपलीकडे फोनला रेंज नसते, त्यामुळे आधी मी काळजी केली नाही. पोचायला हवं होतं ती वेळ उलटून गेली. त्या घरचा फोन लावला तर तारा तुटलेल्या. पोलिसांना सांगितलं, डोंगरातून लोकांना सोडवणारं पथक असतं त्यांना सांगितलं. ते निघाले, पण त्यांनाही वेळ लागणार होता. दरम्यान दुसरी कामं येतच होती. एक फोन या कानाला, दुसरा त्या कानाला, कमरेला गरम पाण्याची पिशवी. खिडकीबाहेर सगळं पांढरं आणि इतकं शांत की अंगावर येत होतं. तेवढ्यात त्या खाणवाल्याच्या बायकोचा फोन आला.

‘कुठे आहे तो?’

मी म्हणालो, ‘मला माहीत नाही. निघाला तेव्हा बोलणं झालं, त्यानंतर नाही. शोधायला माणसं गेली आहेत.’

ती म्हणाली, ‘पण तो ठीक असेल ना? ग्रँड असेल?’

आई, समोर तू असल्यासारखा मी म्हणालो, ‘मला माहीत नाही. कळलं की लगेच सांगतो.’ तिने फोन ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा केला. तेच प्रश्न, तेच उत्तर. या वेळी ती चिडली. ‘मग तू तिथे बसून करतोस तरी काय?’ म्हणाली. तिचं बरोबर होतं. तिसऱ्यांदा तिने फोन केला तेव्हा काहीच विचारलं नाही. मीही बोललो नाही. फोन टेबलावर उलटा ठेवून दिला, चालूच. दुसऱ्या फोनवर माझी कामं चालली होती आणि या फोनमधून तिच्या घरातलं कुत्रं, नळ, किटलीचा आवाज येत होता. मी हललो नाही. तेवढं मी पाळलं.

त्याच गडबडीत दुसऱ्या फोनवर कॉर्कहून लेक. तिला मराठी समजतं, पण बोलते इंग्रजीत. टीव्हीवर बर्फात उलटलेल्या गाड्या बघून घाबरली होती. ‘ममा पोचली का?’ एवढंच विचारलं. तुझ्या सुनेचा पोचल्याचा निरोप आलेला नव्हता. बाकीच्या फोनांच्या गडबडीत तो यायला हवा होता हेही मी विसरून गेलो होतो, ते मला त्या क्षणी आठवलं. मी लेकीला म्हणालो, ‘हो, केव्हाच. ग्रँड आहे.’ ती ओके म्हणाली, मोकळा श्वास टाकला, तो मला ऐकू आला. अर्ध्या तासाने हॉस्पिटलमधून निरोप आला. रस्त्यात एक झाड पडलं होतं म्हणून उशीर झाला, पोचली होती. तो अर्धा तास मी कसा काढला ते लिहीत नाही.

दिवस कलायला आला तेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. कोणी मेंढपाळ शेतकरी होता, ट्रॅक्टर घेऊन रेंज मिळेपर्यंत खाली आला होता. वळणावर गाडी घसरून चरात गेली होती. आमच्या माणसाच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. तरी तो आणि नर्स तिथून त्या घरापर्यंत चालत गेले होते, पंप बदलून झाला होता, म्हातारी शांत झोपली होती आणि हे दोघं तिथल्या स्वयंपाकघरात शेकत बसले होते. मी टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला आणि त्याच्या बायकोला हे सगळं जसं ऐकलं तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं.’ आणि फोन ठेवला.

म्हातारी त्यानंतर दोन दिवसांनी गेली, आपल्या घरी, आपल्या बिछान्यात. तिच्या मुलाने सगळ्यांचे आभार मानले. पण आमच्या माणसाची बायको माझ्याशी बोलत नाही. नंतर एकदा दुकानात समोरासमोर आलो, तिने मान हलवली आणि ढकलगाडी दुसऱ्या रांगेत वळवली. मला ते लागलं. तिचा नवरा हात गळ्यात बांधून मला भेटायला आला होता, तेव्हा मी त्याला विचारलंच.

तो म्हणाला, ‘मनावर घेऊ नकोस. तू नुसतं ग्रँड म्हणाला असतास तर बरं झालं असतं, एवढंच तिचं म्हणणं.’

‘पण मला माहीत नव्हतं.’

‘ते तिलाही माहीत होतं की.’

 मी चहा केला, त्याने तो घेतला, हवेबद्दल बोलला आणि गेला. तेव्हापासून मी हाच विचार करतोय. आपल्या खिडकीतली ती बाई माझ्या शब्दाला बातमी समजली होती. या बाईला बातमी नकोच होती. तिला कोणीतरी तिच्या बाजूने बोलायला हवं होतं, खोटं असलं तरी. मग तुझं चुकलं का, असं विचारायला मन धजत नाही. कदाचित तू इथे असतीस तर वेगळं सांगितलं असतंस. कदाचित तेच सांगितलं असतंस आणि लोकांनी तुझ्याकडेही पाठ फिरवली असती, आणि तू नेहमीसारखी भाजी घेऊन घरी आली असतीस. लेकीशी मी खोटं बोललो, ते तिला अजून सांगितलेलं नाही. ती सुट्टीत येऊन गेली, बर्फाच्या गोष्टी हसून ऐकल्या, आणि मी सगळं सांगितलं, तेवढं सोडून.

इथल्या पोस्टाच्या पेट्या हिरव्या असतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आहे. हे पत्र तिथपर्यंत जाणार नाही, मी पाकीटही आणलेलं नाही. मागच्या आठवड्यात आमचा म्होरक्या आला होता. कंबर आता बरी आहे, पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा गाडी घेऊन जाऊ शकेन. पण त्याने विचारलं, फोन तूच घेशील ना, तुझा आवाज चांगला आहे, एका पट्टीत असतो. मी हो म्हणालो. आई, मला नाही म्हणायचं होतं.