भोपळ्याचा आवाज

२ मे
आलो बुवा एकदाचे! घर बघून बायकोचा चेहरा असा खुलला की सामान उतरवताना लागलेली ठेच मी विसरून गेलो. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर आणि वर अख्ख्या घरावर पसरलेला माळा. भोपळ्याने तर आल्या आल्या फरशीवर मुतून मालकी हक्क सांगून टाकला. चिरंजीव पाच महिन्यांचे आहेत, आईच्या दुधावर टम्म फुगलेत, म्हणून भोपळ्या. सोमवारपासून शीतगृहात रुजू व्हायचं. तिथं माझं काम एकच, गार हवा निसटेल अशी फट शोधायची आणि बुजवायची. मुंगीलासुद्धा मला विचारून आत जावं लागतं.

६ मे
माळ्यावर वटवाघळं आहेत. संध्याकाळी छपराखालच्या फटीतून भराभरा बाहेर पडली. बायकोला गंमत वाटली, मला शिंका आल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, आत्ता हात लावू नका, आत पिल्लं आहेत, ती उडायला लागली की खुशाल बुजवा. वर हेही ऐकवलं, की त्या गर्दीतही प्रत्येक आई आपलं पिल्लू नुसत्या आवाजावरून ओळखते. मी म्हटलं, त्यात काय, आमच्या भोपळ्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ओळखू येतो.

९ मे
काम फत्ते! सगळ्या आया बाहेर पडल्याबरोबर शिडी लावली आणि माझ्या कामाच्या पेटीतला, फटी बुजवायच्या फोमचा अख्खा डबा त्या फटीत रिकामा केला. फुगून दगडासारखा घट्ट बसला. पिल्लांचं काय, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, रडून रडून गप्प होतील. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या ताटात थुंकलो. परत आलेल्या आया बराच वेळ भिंतीवर धडका देत होत्या. मला मात्र छान झोप लागली.

१३ मे
अजून रडताहेत. एव्हाना संपायला हवी होती. वर चिवचिव सुरू झाली की बायकोला पान्हा फुटतो, कपडे भिजतात. ती ओशाळून हसते. मला ते मुळीच आवडत नाही.

१८ मे
भोपळ्या वाळलाय. गाल पार गेले. दूध पुरत नाही म्हणते. मग जातं कुठे? तिच्या छातीवर बारीक ओरखडे आहेत. भोपळ्याची नखं लागली म्हणाली. त्याची नखं मी परवाच कापलीत.

१९ मे
दुपारी लवकर घरी आलो. माळ्याला शिडी लावलेली. वर गेलो तर ती आडवी पडलेली, आणि अंगावर — सगळी तिला बिलगून — चोखत. हाक मारली तर तिने ओठांवर बोट ठेवलं. आत्ताच निजलीत म्हणे.
ओढून खाली आणली. माळ्याचं झाकणही फोमने बंद केलं. मरू देत.

२० मे
बायको भिंतीला कान लावून बसते. भोपळ्याला घेतच नाही. त्याला काकूंकडे ठेवावं — उद्या. उद्या नक्की.

२१ मे
कामावरून आलो. दार उघडत नाही. फटींतून फोम आलाय. आतून. माझ्याच पेटीतला. खिडक्यांना जाळ्या मीच ठोकल्यात. काकूंच्या दाराला कुलूप. ओरडून घसा बसला, म्हणून लिहितोय. नखं निघाली.

भिंतीवर माझ्या दोन्ही बाजूंना त्या चिकटल्यात. आया. त्याही ओरबाडताहेत.

दाराआडून ती म्हणाली, अगदी शांतपणे, की रडून रडून गप्प होईल.

खाली आता भोपळ्याचा आवाज नाही. वर आहे. माळ्यावर नेलाय त्याला — झाकण फोडलंय तिने — सगळी एकदम रडताहेत — या आयांना एकेकीला कळतंय, कान देताहेत — मला नाही — भोपळ्या, मोठ्याने रड रे — यातला आमचा कुठला, मला ओळ —